हे तेरा गुण कुणाचे?

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे समीक्षालेखनाची एक अभ्यासपत्रिका आहे. विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या एखाद्या कलाकृतीचे परीक्षण लिहून द्यायचे आणि त्याला २० पैकी गुण मिळायचे, असा तिच्यातील अंतर्गत मूल्यमापनाचा भाग. हे गुण आम्ही दोघे स्वतंत्रपणे देतो आणि नंतर दोहोंची सरासरी काढून ती गुणपत्रकात भरतो. पंधराएक वर्षे एकाच विभागात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून शिकवत आल्यामुळे आमच्या गुणांत सहसा एकदोन गुणांपेक्षा अधिक अंतर पडत नाही. त्याचा आम्हांला आजवर थोडा अभिमानही होता. आपले निकष जुळलेले आहेत, असे आम्ही समजत होतो.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने कादंबरी, नाटक, चित्रपट हे सगळे बाजूला ठेवून एका व्हिडिओ गेमचे परीक्षण लिहून आणले. आमच्यापैकी एकाने त्याला ८ गुण दिले आणि दुसऱ्याने १७. सरासरी साडेबारा, अर्ध्या गुणाची सोय गुणपत्रकात नाही, म्हणून १३. निकालानंतर तो विभागात आला तेव्हा गुण वाढवून मागणार, अशीच आमची अटकळ होती. त्याच्या हातात त्याचा निबंध होता आणि मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात आम्ही पेन्सिलीने टिपलेले दोन आकडे पुसायचे राहून गेले होते. त्यांवर बोट ठेवून तो म्हणाला, "सर, मॅडम, गुणांबद्दल तक्रार नाही. आठ एकाचे, सतरा दुसऱ्याचे, हे कळलं. पण हे तेरा गुण कुणाचे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. ज्याने ८ दिले त्याच्या मते तो निबंध १३ गुणांचा नव्हता. ज्याने १७ दिले त्याच्याही मते नव्हता. १३ हे मत आमच्यापैकी कुणाचेच नव्हते, तरी विद्यापीठाच्या दफ्तरात आमच्या दोघांच्या सह्यांनिशी तेच कायमचे राहणार होते. निबंधाच्या समासात दोन-तीन प्रश्नचिन्हे आणि एक अधोरेखा यांपलीकडे आम्ही काही लिहिलेलेही नव्हते. आमचे मौन बहुधा त्याला अवघड वाटले असावे. तो जाता जाता सहज म्हणाला, "गेमच्या परीक्षणांतही हेच होतं, सर. तिथं त्यावरून लोकांचे पैसेसुद्धा बुडाले आहेत."

या वाक्याने आम्हांला पुढचे काही महिने पुरेल एवढे काम दिले. व्हिडिओ गेमांविषयी आमचे ज्ञान तोवर शेजारच्या घरातून ऐकू येणाऱ्या आवाजापुरते होते. त्यांची परीक्षणे लिहिली जातात, त्या परीक्षणांना चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो इतिहास मूल्यमापनाविषयीच्या एका दीर्घ भांडणाचा इतिहास आहे, हे आम्हांला ठाऊक नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तो वाचून काढला. वाचताना आपण आपल्याच परीक्षा विभागाविषयी वाचत आहोत, असे अनेकदा वाटले.

गेमची परीक्षणे सुरुवातीपासून आकड्यांच्या सोबतीने वाढली. त्याचे कारण समजण्याजोगे आहे. गेम महाग असतो, तो दुकानात चाळून पाहता येत नाही, आणि त्याचा गिऱ्हाईक बहुधा खिशात मोजके पैसे असलेला मुलगा असतो. त्याला घ्यावा की न घ्यावा एवढेच जाणून घ्यायचे असते. जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या 'फामित्सू' या नियतकालिकाने यासाठी एक पद्धत रूढ केली. एकच गेम चार परीक्षक खेळणार, प्रत्येक जण १० पैकी गुण देऊन आपले म्हणणे थोडक्यात मांडणार, आणि चौघांची बेरीज ४० पैकी सांगितली जाणार. पूर्ण ४० गुण मिळवणारा पहिला गेम, 'द लेजंड ऑफ झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम', त्यांना १९९८ साली सापडला. ब्रिटनमध्ये १९९३ साली निघालेल्या 'एज' या मासिकाने १० पैकी १० हे गुण पहिल्यांदा दिले ते १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' ला. पूर्ण गुण देण्याच्या बाबतीत ही मंडळी आमच्या जुन्या प्राध्यापकांइतकीच कृपण होती.

'फामित्सू'च्या पद्धतीत आम्हांला एक गोष्ट विशेष वाटली. बेरीज होते, पण चार आकडे चार ठिकाणी छापलेले राहतात. एकाने ९ दिले आणि दुसऱ्याने ६, तर तो मतभेद वाचकापुढे उघडा असतो. तो लपवण्याची सोय पुढे २००१ साली झाली. त्या वर्षी 'मेटाक्रिटिक' हे संकेतस्थळ अमेरिकेत सुरू झाले. निरनिराळ्या ठिकाणी प्रसिद्ध झालेली परीक्षणे गोळा करायची, कुणी पाचांत तारे दिले असतील, कुणी दहांत गुण, ते सगळे शंभराच्या मापात बसवायचे आणि त्यांची सरासरी एका रंगीत चौकटीत दाखवायची, हे त्याचे काम. ही सरासरी सरळही नसते. काही प्रकाशनांच्या मताला अधिक वजन असते आणि कुणाला किती वजन, हे ते सांगत नाहीत. चौकटीखाली मूळ परीक्षणांचे दुवे दिलेले असतात, हे न्यायाने सांगायला हवे. पण ज्याला आकडा मिळाला तो दुव्यापर्यंत कशाला जाईल? आमचेच विद्यार्थी गुणपत्रक मिळाल्यावर उत्तरपत्रिका पाहायला किती वेळा येतात?

या चौकटींच्या रंगांत एक गंमत दडलेली आहे. हिरवा रंग म्हणजे अनुकूल मत, पिवळा म्हणजे संमिश्र, तांबडा म्हणजे प्रतिकूल. चित्रपटाला हिरवी चौकट ६१ गुणांपासून मिळते. गेमला मात्र ती मिळवण्यासाठी ७५ लागतात. म्हणजे ६५ गुणांचा चित्रपट चांगला आणि ६५ गुणांचा गेम मधलाच. हे मेटाक्रिटिकने मुद्दाम केलेले पाप नव्हे. गेमचे परीक्षक पूर्वीपासून इतके सैल हाताने गुण देत आले होते की १० पैकी ७ या आकड्याचा व्यवहारातला अर्थ 'बरा आहे, चालेल' एवढाच उरला होता. मोजपट्टीचा खालचा अर्धा भाग जवळजवळ वापरात नव्हता, तेव्हा संकेतस्थळाने आपली रेघ वर सरकवली. आम्ही शिकत असताना मराठीत साठ टक्के मिळाले की घरी पेढे वाटत. आज पंच्याहत्तर टक्के मिळवलेला विद्यार्थी खाली मान घालून उभा राहतो. आकडा वाढला, त्याचे मोल घटले, आणि हे आपल्याच हातांनी झाले, हा अनुभव आम्हांला परका नाही.

इथपर्यंतची गोष्ट मौजेने वाचण्यासारखी आहे. विद्यार्थ्याने ज्या बुडालेल्या पैशांचा उल्लेख केला होता, ती गोष्ट त्यापुढची. २०१० साली 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा गेम प्रसिद्ध झाला. तो ऑब्सिडियन या संस्थेने बनवला होता आणि बेथेस्डा त्याची प्रकाशक होती. ऑब्सिडियनमधील एक प्रमुख रचनाकार ख्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ साली जाहीरपणे सांगितले की विक्रीतला वाटा त्यांच्या संस्थेला मिळणार नव्हता. ठरलेली रक्कम मिळणार होती आणि मेटाक्रिटिकवर ८५ गुण झाले तर वर बक्षिसाची रक्कम. गुण झाले ८४. एका गुणाने बक्षीस हुकले. आता हा एक गुण कुणाचा? डझनावारी परीक्षकांनी आपापल्या खोलीत बसून आपापले मत मांडले होते. त्यांपैकी कुणालाही या माणसांचे पैसे अडवायचे नव्हते. एखाद्याने उगाच ९ ऐवजी ८ लिहिले असेल, एखाद्याने रात्री उशिरा थकून अर्धा गुण कापला असेल. ८४ हा आकडा त्यांच्यापैकी कुणीच दिलेला नव्हता. आमचे १३ तसेच.

दुसरी गोष्ट त्याआधीची, २००७ च्या नोव्हेंबरमधली. 'गेमस्पॉट' या नामांकित संकेतस्थळावर जेफ गर्स्टमन हे परीक्षक होते. त्यांनी 'केन अँड लिंच: डेड मेन' या गेमला १० पैकी ६ गुण दिले. त्याच वेळी त्या गेमच्या मोठाल्या जाहिराती त्याच संकेतस्थळावर झळकत होत्या. थोड्याच दिवसांत गर्स्टमन यांना कामावरून काढण्यात आले. त्यांच्याशी झालेल्या करारामुळे त्यांना तेव्हा बोलता आले नाही. २०१२ साली ते बंधन सुटल्यावर त्यांनी सांगितले की कमी गुणांमुळे जाहिरातदारांनी दडपण आणले होते आणि नवखे व्यवस्थापन त्याला बळी पडले. येथे लक्षात घेण्याजोगे हे, की ६ हा आकडा काही नापासाचा नव्हे. 'गेमस्पॉट'च्या स्वतःच्या परिभाषेत तो 'ठीक' या अर्थाचा होता. मोजपट्टी वर सरकलेली असल्यामुळे 'ठीक' म्हणणे हाच अपमान ठरला.

या दोन घटना वाचल्यावर आकड्याविरुद्ध निकाल देऊन मोकळे व्हावे, असा मोह आम्हांला झाला. साहित्याच्या माणसांना हा मोह नेहमीच होतो. कलाकृतीला गुण देणे ही कल्पनाच आपल्याला ग्राम्य वाटते. गेमच्या जगातही हे वाटणारे होते. २००४ साली कीरन गिलन या इंग्रज पत्रकाराने एक जाहीरनामाच लिहिला. गेमचे मोल त्या वस्तूत शोधू नका, खेळणाऱ्याच्या अनुभवात शोधा, आणि परीक्षकाने कल्पित प्रदेशांचे प्रवासवर्णन लिहावे तसे लिहावे, असा त्याचा आशय. आपल्याकडील आस्वादक समीक्षेच्या समर्थकांना हे म्हणणे ओळखीचे वाटेल. ज्या 'रॉक पेपर शॉटगन' या संकेतस्थळाच्या स्थापनेत गिलन यांचा वाटा होता, ते २००७ साली निघाले तेव्हा त्याने परीक्षणांना गुण दिलेच नाहीत. पुढे २०१५ साली 'युरोगेमर' या मोठ्या संकेतस्थळानेही १० पैकी गुण देणे थांबवले आणि त्याऐवजी 'अवश्य खेळावा', 'शिफारस', 'टाळावा' असे शिक्के आणले. त्यामुळे मेटाक्रिटिकच्या यादीतून आपण बाहेर पडू, हेही त्यांनी स्वीकारले.

परंतु २०२३ साली त्याच 'युरोगेमर'ने गुण परत आणले, आता पाच ताऱ्यांच्या रूपात. हा पराभव म्हणायचा का, यावर आम्ही दोघे एक संध्याकाळ वाद घालत होतो. एकाचे म्हणणे, बाजाराने अखेर ओढून आणलेच. दुसऱ्याचे म्हणणे, शिक्का हाही आकडाच असतो. 'टाळावा' या शब्दाला शून्य म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? शिक्क्यापेक्षा आकडा प्रामाणिक, कारण तो आपण आकडा असल्याचे लपवत नाही. हा वाद मिटला नाही. पण त्यातून आमचे लक्ष आपल्याच अंगणाकडे वळले.

मराठी पुस्तक-परीक्षणांत गुण नसतात. त्याबद्दल आपण समाधानी असतो. प्रत्यक्षात रविवारच्या पुरवणीतले कोणतेही परीक्षण घ्यावे. 'आश्वासक' असे म्हटले असेल तर लेखक नवा आहे आणि पुस्तक बेतास बात आहे. 'दखलपात्र' म्हटले असेल तर दखल घेतल्याखेरीज गत्यंतर नव्हते. 'मराठी साहित्यात मोलाची भर' हे शब्द आले की परीक्षक आणि लेखक एका व्यासपीठावर बसून गेलेले असतात. शेवटच्या परिच्छेदात मुद्रणदोषांचा उल्लेख केला म्हणजे निःपक्षपातीपणाचे ऋण फिटते. हे सगळे शब्द गुणच आहेत, फक्त त्यांची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांनाच ते वाचता येतात. आम्हीही अशी परीक्षणे लिहिली आहेत. एका स्नेह्याच्या कवितासंग्रहाला आम्ही 'स्वतःचा सूर शोधणारी कविता' म्हटले होते. तो सूर सापडलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. स्नेह्याने ते वाक्य पुढच्या संग्रहाच्या मलपृष्ठावर छापले.

आपल्याकडे नेहमीच असे नव्हते. १८७४ साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकर ज्या आवेशाने दोष काढीत, त्यात पूर्वग्रह पुष्कळ होते आणि काही ठिकाणी उघड अन्यायही होता. पण ते काय म्हणत आहेत याविषयी वाचकाच्या मनात संदेह राहत नसे आणि म्हणूनच त्यांना उत्तर देता येत असे. गर्स्टमन यांच्या ६ गुणांना किंमत मोजावी लागली, कारण ते स्पष्ट होते. आमच्या 'सूर शोधणाऱ्या' वाक्याला काहीच किंमत मोजावी लागली नाही.

असे हे विचार करत असताना आम्हांला एक साधी गोष्ट टोचत होती. ज्या निबंधावरून हे सुरू झाले त्यातला गेम आम्ही पाहिलेलाही नव्हता. कादंबरी न वाचता तिच्या परीक्षणाला गुण देणाऱ्या प्राध्यापकाला आपण काय म्हणू? आम्ही त्या विद्यार्थ्याला बोलावले आणि तो एका शनिवारी आपला लॅपटॉप आणि कंट्रोलर घेऊन विभागात आला.

गेमचे नाव 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. तो पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने बनवला आणि २०२० साली प्रसिद्ध झाला. राजी ही सर्कशीत वाढलेली मुलगी असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. तिची वाटचाल दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत आपल्याला सांगत असतात. राजस्थानी वाड्यांची आणि पहाडी लघुचित्रांची आठवण देणारी दृश्ये, थांबून पाहावीत अशी भित्तिचित्रे आणि छायाबाहुल्यांच्या शैलीतले कथाभाग. ते छायाभाग पाहताना आम्हांला कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर कलावंतांनी जपलेल्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्या. इतके मिळेपर्यंत आम्ही सुखात होतो. मग लढाई आली.

भिंतीवरून धावत जायचे, खांबाला गिरकी घ्यायची आणि त्रिशूळ मारायचा, हे विद्यार्थी लीलया करत होता. आमच्या हातून राजी सात-आठ वेळा मेली. पुस्तक वाचकाला असे अडवत नाही. ते कळले नाही तरी पान उलटता येते, शेवटही आधी वाचता येतो. गेम मात्र हात तयार झाल्याशिवाय पुढचे दालन उघडत नाही. त्यामुळे परीक्षक निम्म्यात थांबला तर त्याने अर्धीच कलाकृती पाहिलेली असते, आणि हात फार सराईत असेल तर नवख्याला कुठे अडेल हे त्याला दिसत नाही. परीक्षणाची वस्तूही स्थिर नसते. 'सायबरपंक २०७७' हा गेम २०२० च्या डिसेंबरात आला तेव्हा परीक्षकांना आधी फक्त संगणकावरची आवृत्ती दिलेली होती. तिच्यावर भरभरून गुण मिळाले. जुन्या कन्सोलवर तो इतका मोडकळीला आलेला निघाला की सोनीने आठवडाभरात आपल्या दुकानातून तो काढून घेतला. २०२१ च्या जूनमध्ये तो परत आला आणि पुढे अनेक दुरुस्त्यांनंतर पुष्कळच बदलला. पहिले आकडे मात्र आपल्या जागी तसेच राहिले.

तीन शनिवार लागले. शेवटचे दालन विद्यार्थ्यानेच खेळून दाखवले. त्यानंतर आम्ही त्याचा निबंध पुन्हा वाचला, या वेळी दोघांनी एकत्र.

त्याने लिहिले होते की गेमची चित्रसृष्टी थोर आहे, पण लढायांची रचना एकसुरी आहे आणि कथा संपत नाही, थांबते. त्यासाठी त्याने मर्ढेकरांच्या लयसिद्धांतातील संवाद, विरोध आणि समतोल या संज्ञा वापरल्या होत्या. शांत वाटचाल आणि लढाई यांच्यात विरोध आहे, पण एक लढाई आणि पुढची लढाई यांच्यात तो नाही, त्यामुळे समतोलापर्यंत पोचण्याआधीच लय शिथिल होते, असे त्याचे प्रतिपादन. ८ गुण देणाऱ्याने या परिच्छेदापुढे प्रश्नचिन्ह काढले होते. मर्ढेकरांना इथे ओढूनताणून आणले आहे, असे त्याला वाटले होते. तिसऱ्या शनिवारी, त्याच त्याच हालचालींनी नवे असुर मारताना, ते निरीक्षण आमच्या दुखऱ्या अंगठ्यांनाही पटले. ज्या संज्ञा आम्ही दरवर्षी वर्गात लिहून देतो, त्या या मुलाने कामाला लावल्या होत्या आणि आम्हांला ते ओळखता आले नव्हते.

शेवटी त्याने गेमला १० पैकी ६ गुण दिले होते आणि लिहिले होते की पुण्यातल्या माणसांनी इतक्या कमी साधनांत हे केले म्हणून ८ द्यावेत असे फार वाटते, पण मग ते गुण गेमला राहणार नाहीत, आपल्या अभिमानाला जातील. या वाक्याखाली आमच्यापैकी एकाने रेघ ओढून 'व्यक्तिगत' असे समजून सोडले होते. आता ते वाक्य आम्हांला त्या निबंधातले सर्वांत महत्त्वाचे वाटले. स्नेह्याच्या कवितेविषयी आम्हांला जे जमले नव्हते, ते त्याला जमले होते.

या गेमची परदेशांतली काही परीक्षणेही त्याने जोडली होती. ती वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आकडे वेगवेगळे होते, निरीक्षणे मात्र बरीचशी सारखी होती. चित्रांची स्तुती, लढाईविषयी कुरकुर, अर्धवट शेवटाची तक्रार. फरक होता तो कुणाला काय अधिक महत्त्वाचे वाटले यात. म्हणजे समीक्षेतला खरा मतभेद आकड्यांत दिसतो, पण कळत नाही. तो कळायला वजन कशाला दिले आणि का दिले, हे सांगणारे वाक्य लागते. ते वाक्य सोबत असेल तर आकडा निरुपद्रवी आहे, कदाचित उपकारकही आहे, कारण तो लिहिणाऱ्याला गुळमुळीतपणाची सोय ठेवत नाही. वाक्यापासून सुटलेला आकडा मात्र दुसऱ्याच्या करारात, दुसऱ्याच्या नोकरीत किंवा दुसऱ्याच्या गुणपत्रकात जाऊन बसतो आणि तिथे त्याला कुणी धनी उरत नाही.

परीक्षा, परीक्षण, समीक्षा हे सगळे शब्द एकाच 'ईक्ष्' धातूचे, पाहणे या अर्थाचे, हे आम्ही पहिल्याच तासाला सांगतो. अपेक्षा आणि उपेक्षा हेही त्याच धातूचे, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

मग आम्ही आमच्या गुणांचा हिशेब मांडला. ८ देणाऱ्याने विषयाची उपेक्षा केली होती. हे साहित्य नव्हे, या एका समजुतीपोटी त्याने निबंधाचे वाचन अर्ध्यावरच संपवले होते. हे कबूल करणे सोपे होते. १७ देणाऱ्याची कबुली अधिक अवघड निघाली. त्यालाही निबंध पुरता कळलेला नव्हता. मुलाने काही नवे केले आहे, त्याला उत्तेजन द्यावे, आणि आपण जुनाट ठरू नये, म्हणून ते १७ होते. एक आकडा तुच्छतेचा, एक औदार्याचा, आणि पाहणे दोहोंतही नाही. त्यांची सरासरी आम्ही काटेकोरपणे काढली होती.

गुणपत्रक केव्हाच बंद झाले होते आणि १३ चे काही करता येण्यासारखे नव्हते. आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे त्या निबंधावर प्रत्येकी दोन पाने लिहिली. आधी काय चुकले ते लिहिले, मग आता काय वाटते ते. आता एकाचे १४ झाले होते, दुसऱ्याचे १६. लयीचे विवेचन दोघांनाही उत्तम वाटले. एकाला निबंधाची भाषा जागोजागी सैल वाटली आणि गेमच्या स्त्रीनायिकेविषयी काहीच म्हटलेले नाही ही मोठी उणीव वाटली. दुसऱ्याला ती उणीव त्या निबंधाच्या मर्यादेत क्षम्य वाटली. ही दोन गुणांची तफावत आम्ही मिटवली नाही. तेव्हापासून या अभ्यासपत्रिकेच्या निबंधांवर आम्ही दोन्ही आकडे शाईने लिहितो, प्रत्येकाखाली कारणे आणि सही. सरासरी नियमासाठी वेगळी काढतो. कामाचा वेळ दुपटीने वाढला आहे आणि आमच्या गुणांतले अंतरही पूर्वीपेक्षा वाढले आहे. पूर्वी ते जुळत होते ते निकष एक असल्यामुळे, की दोघांनाही एकमेकांशी वाद नको असल्यामुळे, हे आता निश्चित सांगता येत नाही.

चार पाने आम्ही त्या विद्यार्थ्याच्या हाती दिली. त्याने ती तिथेच उभ्याने वाचली. वाचून झाल्यावर तो आभार मानेल असे वाटले होते. तो म्हणाला, "मॅडम, सर, नायिकेचा मुद्दा मला पटत नाही. भाषेचा थोडा पटतो." मग पाने नीट घडी करून निबंधात ठेवत तो हसला. "पण आता भांडता तरी येईल."

आणि खुर्ची ओढून तो आमच्या समोर बसला.